विझलेल्या धुराड्यांचा हिशेब

दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील बदरपूर औष्णिक वीज केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे बंद झाले. राजधानीच्या हवेसाठी तो निर्णय आवश्यकच होता. पुढे काही महिन्यांनी, रीतसर परवानगी घेऊन, मी तो परिसर पाहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला भग्नावशेषांची सवय असते. पण हे अवशेष आपल्याच प्रजासत्ताकाचे होते.

टर्बाइनच्या दालनात पाच संच निश्चल उभे होते. तीन ९५ मेगावॉटचे, दोन २१० मेगावॉटचे. पहिला १९७३ मधला. कोळसा वाहणारे पट्टे थांबले होते, नियंत्रण कक्षातील काटे शून्यावर होते. खरा वारसा मात्र बाहेर होता : सुमारे ८८४ एकरांवर पसरलेली साडेचार दशकांची राख. यंत्रे भंगारात जातात. राख जागेवरच राहते.

तिची व्यवस्था कोणाच्या पैशाने व्हावी? केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरपद्धतीत घसारा साधारणतः भांडवली खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत धरला जातो आणि उरलेले १० टक्के भंगारमूल्य मानले जाते. म्हणजे केंद्र जाताना काही देऊन जाईल, हे गृहीत. मागे खर्च ठेवून जाईल, हे नाही. याउलट अणुभट्ट्या मोडीत काढण्यासाठी प्रतियुनिट दोन पैसे आकारले जातात. कोळसा खाणींना २००९ पासून बंदीचा आराखडा आणि त्यासाठी राखीव खाते बंधनकारक आहे. खाणीला जो नियम, तो तिचा कोळसा जाळणाऱ्या केंद्राला का नसावा?

बदरपूरच्या राखेवर उद्यान उभारण्याचे काम एनटीपीसीने हाती घेतले. ही सार्वजनिक कंपनी सधन आहे. राज्यांच्या कर्जबाजारी वीज कंपन्यांचे काय? पंजाबातील भटिंड्याचे केंद्र गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंती वर्षात, १९६९ मध्ये, पायाभरणी झालेले. २०१८ उजाडताच ते बंद झाले, तेव्हा कंत्राटी कामगारांना आपल्या रोजगारासाठी रस्त्यावर उतरावे लागले.

जुनी केंद्रे यापुढेही बंद होतील. ती चालू असतानाच दरातून काही पैसे बाजूला ठेवणे आणि राख, जमीन व कामगार यांचा आराखडा आधीच मंजूर करून घेणे, एवढी तरतूद नियामकांच्या अधिकारात आहे. ती टाळली, तर ज्या पिढीने ती वीज वापरलीच नाही, तिच्या माथी हे बिल येईल.