‘जनाधार घटला’ या विधानाचा अर्थ : गुडगाव ते गुरुग्राम

निवडणुकीचे निकाल लागले की ‘अमुक पक्षाचा जनाधार घटला’, ‘तमुक पक्षाने आपला मतदार गमावला’ अशा स्वरूपाची वाक्ये अग्रलेखांतून, भाषणांतून आणि सामान्य संभाषणातूनही वारंवार कानी पडू लागतात. वाक्य सोपे आहे, त्याचा अर्थ मात्र वाटतो तितका सोपा नाही. ‘जनाधार’ म्हणजे नेमके काय, तो कोणाच्या मालकीचा असतो, आणि तो घटल्याचे कशावरून ठरवावयाचे, हे प्रश्न केवळ राज्यशास्त्राचे नाहीत. ते भाषेचेही आहेत. कारण ज्या शब्दांत आपण मतदाराविषयी बोलतो, त्या शब्दांतच मतदाराविषयीची आपली समजूत दडलेली असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका विशिष्ट प्रदेशाच्या आधाराने करावयाचा आहे. हा प्रदेश म्हणजे दिल्लीलगतचे गुडगाव, २०१६ पासूनचे गुरुग्राम. कोणत्याही पक्षाचा पुरस्कार वा निषेध हा येथे हेतू नाही.

हाच प्रदेश निवडण्यास एक कारण आहे. पक्षांतर करणाऱ्या लोकप्रतिनिधीला मराठीत आपण ‘आयाराम-गयाराम’ म्हणतो. हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो आपल्याकडे बाहेरून आला याचे भानही उरलेले नाही. त्याचा उगम तत्कालीन गुडगाव जिल्ह्यातला आहे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य अस्तित्वात आले आणि १९६७ च्या प्रारंभी तेथे विधानसभेची निवडणूक झाली. हसनपूर मतदारसंघातून गयालाल नावाचे आमदार अपक्ष म्हणून निवडून आले. हे हसनपूर आज पलवल जिल्ह्यात मोडते. पुढे एका पंधरवड्यात गयालाल यांनी तीन वेळा पक्ष बदलला. त्यांच्या या येण्या-जाण्यावरून राव वीरेंद्र सिंह यांनी केलेली कोटी देशभर पसरली. हे राव वीरेंद्र सिंह स्वतःही काँग्रेसमधून बाहेर पडून मार्च १९६७ मध्ये मुख्यमंत्री झाले होते. त्यांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबरपर्यंत टिकले. त्यानंतर राष्ट्रपती राजवट आली आणि १९६८ मध्ये मध्यावधी निवडणूक झाली.

या गोंधळाच्या वर्षातील एक आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८१ पैकी ४८ जागा मिळाल्या होत्या. मधल्या काळात पक्ष फुटला, सरकार कोसळले, आमदार इकडून तिकडे गेले. आणि १९६८ मध्ये काँग्रेसला पुन्हा ४८ जागाच मिळाल्या. व्यक्ती व मतदारसंघ काही ठिकाणी बदलले असतील, परंतु एकूण कौल होता तेथेच राहिला. अस्थिरता होती ती निवडून आलेल्यांत. निवडून देणाऱ्यांत ती तेवढ्या प्रमाणात नव्हती. ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द प्रतिनिधीसाठी जन्मला हे योग्यच झाले. अडचण अशी की पुढे आपण नकळत तोच स्वभाव मतदारालाही चिकटवून टाकला.

याच भूमीत त्याच्याही आधीचे एक उदाहरण आहे. १९५७ मध्ये गुडगाव लोकसभा मतदारसंघातून मौलाना अबुल कलाम आझाद निवडून आले होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले व पोटनिवडणुकीत प्रकाशवीर शास्त्री हे अपक्ष उमेदवार विजयी झाले. १९६२ मध्ये ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली, १९६७ मध्ये पुन्हा अपक्षाकडे, आणि १९७१ मध्ये पुन्हा काँग्रेसकडे. १९५८ चा निकाल पाहून काँग्रेसचा जनाधार ओसरला असे म्हणता आले असते, आणि १९६२ चा निकाल पाहून तो परतला असेही. परंतु मौलानांना मिळालेली मते पक्षाची किती आणि त्यांच्या थोरवीची किती, हा हिशेब मतपेटीतून कधीच निघत नाही. मतपत्रिकेवर शिक्का एकच असतो; तो उमटविण्यामागची कारणे अनेक असतात.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. १९७७ नंतर गुडगाव हा लोकसभा मतदारसंघ राहिला नव्हता. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये तो पुन्हा अस्तित्वात आला. त्यात गुडगाव, बादशाहपूर, सोहना, पतौडी, रेवाडी, बावल आणि मेवात भागातील नूह, फिरोजपूर झिरका व पुन्हाना असे नऊ विधानसभा मतदारसंघ येतात. एकीकडे उंच इमारतींतील नोकरदार वस्ती, दुसरीकडे अहिरवालातील गावे, तिसरीकडे मेव मुसलमानांची मेवातभूमी, असे तीन निराळे समाज एकाच प्रतिनिधीसाठी मतदान करतात. त्यामुळे ‘गुरुग्रामचा मतदार’ हा शब्दप्रयोगच मुळात सैल आहे.

२००९ मध्ये येथून राव इंद्रजीत सिंह काँग्रेसतर्फे २,७८,५१६ मते मिळवून विजयी झाले. ते राव वीरेंद्र सिंहांचे पुत्र होत. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि त्या पक्षातर्फे ६,४४,७८० मते मिळवून ते पुन्हा विजयी झाले. इंडियन नॅशनल लोकदलाचे उमेदवार दुसऱ्या स्थानी आले व काँग्रेस तिसऱ्या स्थानी फेकली गेली. २०१४ मध्ये काँग्रेसचा जनाधार घटला हे विधान आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे. पण त्यातील किती भाग मतदाराच्या मनातील बदलाचा, किती देशभरातील वाऱ्याचा आणि किती उमेदवारच निघून गेल्याचा, हे त्या विधानातून समजत नाही. एका अर्थी मतदार जागच्या जागीच राहिला आणि त्याच्या पायाखालून पक्ष बदलला, असेही येथे म्हणता येईल.

२०१९ मध्ये राव इंद्रजीत सिंह यांना ८,८१,५४६ आणि काँग्रेसचे अजय सिंह यादव यांना ४,९५,२९० मते पडली, मताधिक्य ३,८६,२५६. २०२४ मध्ये राव इंद्रजीत सिंह यांना ८,०८,३३६ आणि काँग्रेसचे राज बब्बर यांना ७,३३,२५७ मते पडली, मताधिक्य ७५,०७९. पावणेचार लाखांहून अधिक असलेले मताधिक्य पाऊण लाखावर आले, तेव्हा भाजपचा येथील आधार खचला असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो तपासून पाहू. मताधिक्य ३,११,१७७ नी कमी झाले. त्यांपैकी भाजपची स्वतःची घट ७३,२१० मतांची. उरलेली २,३७,९६७ ही काँग्रेसची वाढ आहे. म्हणजे मताधिक्यातील घटीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एका पक्षाच्या ऱ्हासाचा नसून दुसऱ्या पक्षाच्या वाढीचा आहे. वजाबाकीत दोन संख्या असतात. निष्कर्ष काढताना आपण एकीकडेच पाहतो.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न आधारवर्षाचा. एकूण मतांतील भाजपचा वाटा २०१४ मध्ये सुमारे ४९ टक्के, २०१९ मध्ये सुमारे ६१ टक्के आणि २०२४ मध्ये निम्म्याहून किंचित अधिक होता. २०१९ शी तुलना केली तर पक्ष दहा टक्क्यांनी उतरला. २०१४ शी तुलना केली तर तो होता तेथेच, किंबहुना थोडा वर आहे. दोन्ही विधाने सत्य आहेत. उलट, या मतदारसंघात लागोपाठ तीन वेळा पराभूत झालेल्या काँग्रेसची मते २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत पाचपटीहून अधिक झाली. या वाढीतील एक कारण तर भाजपशी संबंधितच नाही. २०१४ मध्ये ३,७०,०५८ मते घेणारा लोकदल २०१८ च्या अखेरीस फुटला आणि खिळखिळा झाला. त्याच्या मागील मेवातमधील मोठा समाज काँग्रेसकडे वळला. जिंकणारा घटत असतो आणि हरणारा वाढत असतो, ही गोष्ट ‘विजय’ व ‘पराभव’ या शब्दांत मावत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे निकाल लागले तेव्हा जूनमधील निष्कर्ष उलटा झाला. या नऊ मतदारसंघांपैकी सहा भाजपला व तीन काँग्रेसला मिळाले. मेवातमधील तिन्ही जागा काँग्रेसकडे राहिल्या, उरलेल्या सर्व भाजपकडे गेल्या. २०१४ मध्ये भाजपला याच सहा जागा मिळाल्या होत्या. २०१९ मध्ये त्या चारवर आल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये गुरुग्राम महानगरपालिकेचे महापौरपद भाजपने मिळविले, तर शेजारच्या मानेसरमध्ये अपक्ष उमेदवार निवडून आला.

संपूर्ण हरियाणाचे चित्र याहून बोधप्रद आहे. लोकसभेत भाजपचा वाटा २०१९ मध्ये ५८ टक्के होता, तो २०२४ मध्ये ४६ टक्क्यांवर आला व जागा १० वरून ५ झाल्या. विधानसभेत मात्र तोच वाटा २०१९ मधील साडेछत्तीस टक्क्यांवरून २०२४ मध्ये जवळजवळ ४० टक्क्यांवर गेला व जागा ४० वरून ४८ झाल्या. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच पक्षाचा जनाधार घटलाही आणि वाढलाही. काँग्रेसचा विधानसभेतील वाटा २८ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेला, भाजपपेक्षा एक टक्काही कमी नाही. तरीही जागा ३७ च मिळाल्या. खऱ्या अर्थाने आधार गमावला तो जननायक जनता पक्षाने. २०१९ मध्ये जवळपास १५ टक्के मते व १० जागा मिळविणाऱ्या या पक्षाला २०२४ मध्ये एक टक्काही मते मिळाली नाहीत. दोन मोठ्या पक्षांच्या चर्चेत या घटनेकडे फारसे कोणी पाहिले नाही.

मराठी वाचकाला याच वर्षीचे महाराष्ट्राचे उदाहरण ताडून पाहता येईल. लोकसभेत भाजपच्या जागा २३ वरून ९ वर आल्या, पण मतांचा वाटा केवळ दीडएक टक्क्याने कमी झाला. काँग्रेसच्या जागा १ वरून १३ झाल्या, पण मतांचा वाटा सुमारे १६ वरून १७ टक्क्यांवर गेला, एवढेच. तोही २५ ऐवजी १७ जागा लढवून. नोव्हेंबरमधील विधानसभेत भाजपला १३२ जागा मिळाल्या आणि मतांचा वाटा २०१९ च्या विधानसभेपेक्षा सुमारे एका टक्क्यानेच अधिक होता. जागांचा लंबक एवढा मोठा झोका घेत असताना मते जवळपास स्थिर होती. फरक पडला तो युती, जागावाटप आणि प्रतिपक्षाची एकजूट वा फाटाफूट यांमुळे. शिवसेना (२०२२) व राष्ट्रवादी काँग्रेस (२०२३) या पक्षांत फूट पडल्यानंतर तर ‘या पक्षाचा जनाधार घटला का’ या प्रश्नातील ‘या’ हे सर्वनामच संदिग्ध झाले. नाव व चिन्ह एकाकडे, जुना मतदार अंशतः दोघांकडे. मग तुलना कोणाची कोणाशी करावयाची?

येथे भाषेचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. मतदाराविषयीची आपली रूपके पाहावीत. ‘बालेकिल्ला’, ‘गड’, ‘खिंडार’, ‘सुरुंग’ ही युद्धाची. त्यांत मतदार म्हणजे तटाचा दगड. ‘लाट’, ‘ओहोटी’, ‘हवा’ ही निसर्गाची. त्यांत मतदार म्हणजे पाणी वा वारा. ‘मतपेढी’ हे व्यवहाराचे. त्यात मतदार म्हणजे ठेव. आणि ‘आधार’ हे बांधकामाचे. त्यात मतदार म्हणजे पाया. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : मतदार विचार करीत नाही, तो असतो, सरकतो वा खचतो. ‘पक्षाने मते गमावली’ या वाक्यात मते आधीपासून पक्षाच्या मालकीची होती हे गृहीत धरलेले आहे. वास्तविक ‘मतदान’ हा आपला जुना शब्द याहून अधिक अचूक आहे. दान हे प्रत्येक वेळी नव्याने दिले जाते. मागील दानामुळे पुढील दानावर घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. पेढीतील ठेव परत मागता येते, दान मागता येत नाही आणि गृहीतही धरता येत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मतदाराला दगड वा पाणी मानल्याचे परिणाम प्रत्यक्ष व्यवहारात दिसतात. पक्ष नेता आयात करून त्याच्यासोबत मतेही आली असे मानतात, आणि निकाल प्रतिकूल लागला की मतदाराला चंचल वा कृतघ्न ठरवितात. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये झाला, २००३ मध्ये तो कडक करण्यात आला. पण मतदाराच्या नावावर दुसऱ्याची चंचलता मांडण्याची सवय कायद्याने जात नाही. शिवाय जो मतदानालाच गेला नाही त्याच्यासाठी आपल्या रूपकसंग्रहात जागाच नाही. गुरुग्राम शहरात विधानसभेच्या मतदानास निम्म्याच्या आसपास मतदार येतात. उरलेल्यांचा आधार कोणाचा घटला, हे कोणीच विचारीत नाही.

तात्पर्य, एखाद्या मोठ्या पक्षाचा जनाधार घटतो आहे काय, या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या लागतात : मोजले ते जागांना की मतांना; तुलना कोणत्या वर्षाशी व कोणत्या सभागृहाच्या निवडणुकीशी; बदल त्या पक्षात झाला की त्याच्या प्रतिस्पर्ध्यांत; आणि मत दिले ते पक्षाला की व्यक्तीला. गुरुग्रामपुरते बोलावयाचे तर २०२४ अखेरपर्यंतची स्थिती अशी की भाजप २०१९ च्या शिखरावरून उतरला, पण २०१४ च्या पातळीखाली गेला नाही. काँग्रेस वाढली, पण ती वाढ मेवातबाहेर विधानसभेच्या एकाही जागेत रूपांतरित झाली नाही. उत्तर एका वाक्यात बसत नाही हे खरे. परंतु मतदाराची वृत्ती एका वाक्यात बसवावी अशी अपेक्षा तरी आपण का धरावी? ज्या जिल्ह्याने प्रतिनिधींच्या चंचलतेला नाव दिले, त्या जिल्ह्याच्या मतदाराला तेच नाव देण्यापूर्वी आकडे एकदा पुन्हा वाचावेत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.