गळ्यांतील गाठ व तींतील चुना

कंठमण्याच्या किंचित् खालीं, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथि असते; तिलाच व्यवहारांत थायरॉइड म्हणतात. या ग्रंथींत गाठ होणें दुर्मिळ नाहीं, आणि अशा गाठींपैकीं शेंकडा ९० हून अधिक निरुपद्रवी असतात. तथापि सोनोग्राफीच्या अहवालांत 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द दिसला कीं, कोणी तो कर्करोगच समजून हाय खातो, तर कोणी कॅल्शियम अधिक पोटांत गेलें असें म्हणून अहवाल कपाटांत ठेवून देतो. दोन्ही समजुती सारख्याच घातक होत.

गाठींतील चुना दुधांतून अगर विड्यांतून आलेला नसतो. जेथें पेशी मरतात, रक्तस्राव होतो किंवा जुनें पेशीजाल कठीण बनतें, तेथें कॅल्शियमचे क्षार सांचतात. आहार बदलल्यानें ते विरघळत नाहींत.

महत्त्व आहे तें चुन्याच्या रूपाला. थायरॉइडच्या कर्करोगांत सर्वांत अधिक आढळणारा जो 'पॅपिलरी' प्रकार, त्यांत पुष्कळदां चुन्याचे थरावर थर चढून वाळूसारखे सूक्ष्म कण बनतात. सोनोग्राफींत दिसणारीं बारीक पांढरीं टिंबें म्हणूनच अधिक संशयास्पद. मात्र टिंबामागें धूमकेतूसारखें मोठें शेपूट दिसल्यास तें बहुधा निरुपद्रवी द्रवाचें चिन्ह असतें. जाड खडे जुन्या गलगंडांतही आढळतात. कांहीं गाठींभोंवतीं अंड्याच्या कवचासारखें कडें असतें. तें मध्येंच तुटून आंतील भाग बाहेर आलेला दिसल्यास सावध व्हावें.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत जाड खड्यांस १, कड्यास २ व सूक्ष्म टिंबांस ३ गुण दिले आहेत. गाठीची घडण, छटा, आकार व कडा यांचे गुण त्यांत मिळवितात. भरीव गाठीस २, काळसर छटेस २ आणि टिंबांस ३ मिळून ७ झाले, तर ती गाठ सर्वांत संशयास्पद वर्गांत जाते, व १ सेंटिमीटर किंवा अधिक असल्यास बारीक सुईनें पेशी काढून तपासण्याचा सल्ला देतात. भरीव, पण ग्रंथीच्याच छटेची व जाड खड्यांची गाठ ४ गुणांचीच ठरते. तेथें ही मर्यादा १.५ सेंटिमीटर आहे.

तेव्हां अहवाल हातीं येतांच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्या: चुना कोणत्या प्रकारचा, गाठीचें माप किती, आणि इतर लक्षणें कोणतीं? आवाज बसणें, गाठ झपाट्यानें वाढणें, मानेंत दुसऱ्या गांठी लागणें, लहानपणीं मानेवर किरणोपचार झालेले असणें अगर घराण्यांत हा रोग असणें, यांपैकीं कांहींही असल्यास दिरंगाई करूं नये. पॅपिलरी कर्करोग वेळीं सांपडला तर बहुतेक रोगी उपचारांनीं बरे होतात. म्हणून भयानें तपासणी टाळण्यासारखें नुकसान दुसरें नाहीं.