तारीख, वार, वेळ

मंडळी, आरोग्य आणि अर्थ या पानावर आपण ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि रिटायरमेंटचे हिशोब वाचतो. मी डॉक्टर नाही, सी.पी.ए. नाही, वकील तर मुळीच नाही. सांगलीला इंजिनिअरिंग करून २०१३ साली इकडे न्यू जर्सीत आलेला एक सॉफ्टवेअरवाला. तरी हा विषय माझ्याकडे आला, कारण गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मी माझी हकिकत संपादकांना सांगितली आणि श्रीखंडापर्यंत पोचेस्तोवर मागच्या चौघांनी आपापली सांगितली. चौघांच्याही हकिकतीचा शेवट सारखाच होता : "जाऊ दे म्हटलं."

माझीही तशीच आहे. २०१७ साल. मी एच-वन-बी वर, नऊ जणांची टीम, आणि दर सोमवारी सकाळी मीटिंग. मी काही बोललो की मॅनेजर तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, "आता इंग्रजीत सांगतो" अशी प्रस्तावना करून. आपल्या तोंडात व्ही आणि डब्ल्यू एकाच घरात नांदतात, हे मला मान्य आहे. पहिल्या खेपेला मीही हसलो. मग तो खेळच झाला. दोन-तीन महिन्यांनी "क्लायंटला तुझं बोलणं कळत नाही" म्हणून मला क्लायंटच्या फोनवरून काढलं. क्लायंटने तसं कधी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आणि वर्षअखेरीस बढती दुसऱ्याला मिळाली. कारण काय, तर मला क्लायंटशी बोलण्याचा अनुभव कमी!

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, परक्या मुलुखात आहेस. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडायचं." आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ काका, १९७२ साली आलेले, त्यांनी मला जर्सी सिटीची गोष्ट सांगितली. १९८७ साली 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्या बायकांपासून सगळ्या भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली होती. त्याच सप्टेंबरमध्ये होबोकेनला नवरोज मोदी या तरुणाला बेदम मारहाण झाली आणि त्यात तो गेला. "त्या मानाने तुझं काय रे?" काका म्हणाले. त्या मानाने खरंच काही नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो.

गप्प बसण्याचं बिल दोन ठिकाणी आलं. रविवारी रात्री तीनला जाग यायला लागली, छातीत जळजळ, खिशात कायम ॲसिडिटीच्या गोळ्या. तिशीतच वरचं प्रेशर १४८ निघालं. डॉक्टरबाईंनी मिठाची चौकशी केली आणि मग विचारलं, "सोमवारी काय असतं?" आणि पैशाचं म्हणाल, तर त्या बढतीतला फरक वर्षाला सहा हजार डॉलरचा होता. पण पुढची नोकरी घेताना पगार मागच्या पगारावर ठरला, त्याच्यापुढची त्याच्यावर, आणि ४०१-के मधला कंपनीचा वाटा पगाराच्या टक्क्याने. म्हणजे ते सहा हजार एकदाच गेले नाहीत, दरसाल जातच राहिले.

२०१९ मध्ये नोकरी सोडताना एच.आर.च्या बाईंनी शेवटची मुलाखत घेतली, तेव्हा मी धीर करून बोललो. त्यांनी वही उघडली. कोणत्या तारखेला? नेमके शब्द काय? समोर कोण होतं? तुम्ही लेखी कधी कळवलंत? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "नेहमीच व्हायचं," एवढंच म्हणत राहिलो. मंडळी, मी धंद्याने कोण? "प्रोग्रॅम कधीकधी बंद पडतो" अशी तक्रार कोणी आणली तर मी ती तशीच परत पाठवतो, लॉग आण म्हणतो. स्वतःच्या बाबतीत मात्र दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती.

त्यानंतर मी कायदा थोडा वाचला. देशभर लागू असलेला मुख्य कायदा १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट. त्याचं सातवं प्रकरण नोकरीसाठी आहे : वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येत नाही. कंपनीत पंधरा किंवा अधिक माणसं असावी लागतात. आपल्या न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा तर १९४५ चा आहे आणि त्याला माणसांची अट नाही, तिघांच्या दुकानालाही तो लागतो. व्हिसा कोणता हा प्रश्न यात येत नाही. एच-वनवाल्यालाही हे संरक्षण आहे.

पण दिवस मोजलेले असतात, आणि इथेच आपण फसतो. ई.ई.ओ.सी. या केंद्राच्या कचेरीकडे तक्रार १८० दिवसांत करायची. आपल्यासारखं राज्याचं वेगळं खातं असेल तिथे ३०० दिवस. राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवस. राज्याच्या कायद्याखाली थेट कोर्टात जायला दोन वर्षं. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्याचं ग्रीन कार्ड यायच्या आत हे सगळं संपलेलं असतं. माझं संपलं.

उच्चाराचं विचाराल तर नियम असा आहे की उच्चारामुळे त्या कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल, तरच मालक त्यावर बोट ठेवू शकतो. प्रत्यक्षात निकाल दोन्हीकडे गेले आहेत. होनोलुलूत मॅन्युएल फ्रॅगांते या फिलिपिनो गृहस्थाने कारकुनाच्या परीक्षेत ७२१ जणांत पहिला नंबर काढला, तरी मुलाखतीत उच्चारावरून त्याला नाकारलं. दिवसभर काउंटरवर लोकांशी बोलण्याचं काम म्हणून १९८९ साली अपील कोर्टानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. उलट १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दंतप्रयोगशाळेतला एक फिलिपिनो पर्यवेक्षक अशाच भांडणात जिंकला. काम काय आहे, यावर बरंच अवलंबून. पगार न घटवता नुसती हलक्या जागी बदली केली तर? २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बदलीने काहीतरी नुकसान झालं एवढं दाखवलं तरी पुरे, ते फार मोठं असायला हवं असं नाही.

आणखी एक बारकावा मला कोणी वेळेवर सांगायला हवा होता. नुसता खडूस बॉस असणं बेकायदा नाही! "साहेब माझ्याशी नीट वागत नाहीत" अशी तक्रार केली तर ती खडूसपणाची तक्रार ठरते. "माझ्या मूळ देशामुळे, माझ्या उच्चारामुळे मला वेगळं वागवलं जातं" असं लिहिलं तर ती भेदभावाची तक्रार होते, आणि मग त्याबद्दल सूड उगवणं हा कंपनीचा वेगळा गुन्हा होतो. सूड उगवला जात नाही असं मी म्हणणार नाही. एच-वनवर नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, ही भीती खोटी नाही. म्हणूनच तक्रार करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नोंद ठेवायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

नोंद घरच्या वहीत ठेवा, किंवा स्वतःच्या खासगी ई-मेलवर, त्याच दिवशी. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, नोकरीबरोबर तोही जातो. तारीख, वार, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि शब्द जसेच्या तसे. "फार अपमान झाला" हे लिहून फारसा उपयोग नाही. तो काय म्हणाला ते लिहा. कंपनीची कागदपत्रं किंवा कोड घरी पाठवू नका, तेच निमित्त करून काढतात. चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी जपून : न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती चालते, नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात सगळ्यांची लागते. आणि कन्सल्टिंगवाल्या मित्रांसाठी जाता जाता : एच-वनवर काम नाही म्हणून बेंचवर बसवून पगार बंद करणं बेकायदा आहे. त्याची तक्रार लेबर खात्याकडे डब्ल्यू.एच.-४ फॉर्मवर, बारा महिन्यांच्या आत.

पैशाबद्दल फार स्वप्नं पाहू नका. केंद्राच्या कायद्यात बुडालेला पगार वेगळा मिळतो. पण मनस्तापाच्या आणि दंडाच्या भरपाईला १९९१ पासून मर्यादा आहे. शंभरपर्यंत माणसांच्या कंपनीत ५० हजार डॉलर, पाचशेच्या वर ३ लाख. बुडालेल्या पगारावर पगारासारखाच कर, मनस्तापाच्या भरपाईवरही सहसा कर. नोकरीवरून काढताना दोन महिन्यांचा पगार पुढे करून जो कागद सहीला ठेवतात, त्यात बहुधा दाव्याचे सगळे हक्क सोडल्याचं कलम असतं. एकट्याला काढत असतील आणि वय ४० च्या पुढे असेल, तर वयावरून भेदभावाचा हक्क सोडून द्यायच्या आधी विचाराला २१ दिवस आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस द्यावेच लागतात. वय कमी असलं तरी "वकिलाला दाखवून सांगतो" म्हणायला काय हरकत आहे? माझ्या एका मित्राने पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर सही करून टाकली होती.

आता जरा अवघड भाग. रांगेतल्या चौघांपैकी एकाला त्रास देणारा गोरा नव्हता, आपलाच होता. भारतीय टीम, भारतीय मॅनेजर, आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न : "तुम्ही मूळचे कुठले? आडनावावरून कळत नाही." हा प्रश्न मीही विचारलेला आहे, अगदी सहज म्हणून. माझ्या मागच्या नोकरीत एका मराठी मुलाला आम्ही जेवणाच्या टेबलावर हे दोनदा विचारलं. नंतर तो आमच्याबरोबर जेवायला यायचा बंद झाला. त्याला कामं जास्त असतील, असं आम्ही धरून चाललो! कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली एका बड्या कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला (त्यातल्या दोन इंजिनिअरांवरचा २०२३ मध्ये मागे घेतला). सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक गव्हर्नरांनी त्याच ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं, आहेत त्या कायद्यांत हे बसतं असं म्हणून. आपल्या मंडळात गणपती होतो, दिवाळी होते, संक्रांत होते. १४ एप्रिल झाल्याचं मला आठवत नाही. कार्यकारिणीने हे वाक्य छापलं तर मी त्यांचा आभारी राहीन.

आणि आता शाळा. या वर्षी नाही, २०२५ च्या जानेवारीत, आई आमच्याकडे आली होती. ती माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला रविवारी डोक्याला तेल लावायची. एका रविवारी मुलीने बाटली फेकली. सोमवारी पोट दुखतंय, पुढच्या सोमवारी पुन्हा. सोमवारचं पोट मला ओळखीचं होतं, त्यामुळे मी पेडियाट्रिशियनला फोन करण्याआधी तिच्या शेजारी वही घेऊन बसलो. बसमध्ये दोन मुलगे तिच्या मागच्या सीटवरून नाक धरून "करी ऑइल" म्हणायचे, आणि ती बसली की बाकीच्यांना जागा बदलायला सांगायचे. चार वेळा. आम्ही तारखा काढल्या. एक तारीख तिला सापडली ती त्या दिवशी लायब्ररीचं पुस्तक परत केलं होतं म्हणून.

न्यू जर्सीचा शाळांसाठीचा कायदा सप्टेंबर २०११ पासून लागू आहे आणि तो कडक आहे. वंश, धर्म, मूळ देश अशा कारणावरून त्रास, तोही शाळेत, बसमध्ये किंवा फोनवरून. एकच प्रसंगही पुरतो. प्रिन्सिपलना सांगितल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हायला हवी आणि लेखी अहवालानंतर शाळेच्या दहा दिवसांत पुरी व्हायला हवी. निकाल पटला नाही तर शाळा मंडळासमोर सुनावणी मागायला ६० दिवस. आपण "जरा लक्ष ठेवा हो" असं मोघम सांगतो, म्हणून हे चाक फिरत नाही. मी सकाळी फोन केला आणि संध्याकाळी ई-मेलमध्ये चार तारखा लिहून "ही या कायद्याखालची तक्रार आहे" असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंचा फोन आला.

दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या पाहुण्या वाचकांसाठी : असे कायदे पन्नासही राज्यांत आहेत, मुदती वेगवेगळ्या. शिवाय १९६४ च्याच कायद्याचं सहावं प्रकरण केंद्राची मदत घेणाऱ्या सगळ्या शाळांना लागतं, तक्रार १८० दिवसांत केंद्राच्या शिक्षण खात्याकडे. मात्र मार्च २०२५ मध्ये त्या खात्याने नागरी हक्क विभागाची बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यात न्यूयॉर्कचंही होतं. तेव्हा शाळा आणि राज्य हाच जवळचा रस्ता.

चौकशीत चारपैकी तीन प्रसंग सिद्ध झाले. त्या मुलांना काय शिक्षा झाली ते आम्हाला सांगितलं नाही, कायद्याने सांगताही येत नाही. कारवाई झाली एवढं कळवलं. बसमध्ये जागा ठरवून दिल्या. त्यातल्या एका मुलाच्या आईने मला दुकानात गाठून माफी मागितली. दुसऱ्याचे वडील अजून बोलत नाहीत.

आई मार्चमध्ये सांगलीला परतली. जाण्याआधीच्या रविवारी मुलीने स्वतःहून बाटली आणून तिच्या पुढ्यात ठेवली. तेल लावून घेतलं, वेणीही घालून घेतली. सोमवारी सकाळी मात्र शाम्पू करूनच शाळेत गेली. आईला ते आवडलं नाही, पण ती काही बोलली नाही.