दागिन्याची प्रतिष्ठा आणि दागिन्याची मोड : खान्देशातील सुवर्णखरेदीच्या संदर्भात डिझायनर दागिन्यांचा विचार

प्रस्तावना

जळगावची 'सुवर्णनगरी' ही ओळख महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. केळी व कापूस ही या भागातील प्रमुख नगदी पिके होत. पिकाचा पैसा हाती आला की त्याचा काही भाग सराफ बाजाराकडे वळतो, हा जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील जुना रिवाज आहे. आखाजी, दसरा, गुढीपाडवा आणि लग्नसराई हे या खरेदीचे ठरलेले काळ. १८५४ ही स्थापना सांगणारी राजमल लखीचंद यांची पेढी आणि १९७४ मध्ये रतनलाल बाफना यांनी सुरू केलेली पेढी यांसारख्या नावांमुळे दूरच्या गावांतील ग्राहकही जळगावी येत राहिले. 'जळगावचे सोने' या शब्दप्रयोगात शुद्धतेची हमी गृहीत धरलेली असते.

गेल्या अडीच-तीन दशकांत या बाजारात एका नव्या वस्तूने प्रवेश केला आहे. डिझायनर दागिना म्हणजे असा दागिना की ज्याची किंमत मुख्यतः त्याच्या वजनावर ठरत नाही. रचनाकाराचे नाव, खडे, घडणीतील वेगळेपण आणि विक्रेत्याची नाममुद्रा यांवर ती ठरते. पॅरिसची कार्टिए (१८४७) व न्यूयॉर्कची टिफनी (१८३७) ही या प्रकारची जुनी विदेशी नावे होत. भारतात १९९० च्या दशकात टाटा समूहातील टायटन कंपनीने 'तनिष्क' बाजारात आणले, तर वस्त्ररचनाकार सब्यसाची मुखर्जी यांनी २०१७ मध्ये स्वतःचे दागिने सादर केले. त्यांच्या धर्तीवरील नक्षी व रचना आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या दालनांतही मांडलेल्या दिसतात.

असे दागिने घ्यावेत काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत आवडीचा आहे. तथापि ज्या समाजात सोने हीच बचत आणि सोने हीच प्रतिष्ठा मानली गेली, तेथे तो कुटुंबाच्या, विशेषतः स्त्रीच्या, आर्थिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा या अंगाने विचार केला आहे.

वजनात मोजली जाणारी प्रतिष्ठा

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये 'प्रदर्शनी उपभोग' ही संकल्पना मांडली. वस्तूची उपयुक्तता बाजूला राहते आणि ती महाग आहे हेच तिच्या मागणीचे कारण बनते, असे या संकल्पनेचे सार आहे. खान्देशातील सोन्याला ही संकल्पना अंशतःच लागू पडते. लग्नात अंगावर घातलेल्या पाटल्या, गोठ, पोहेहार किंवा सोन्याची पोत पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'किती तोळ्यांची?' हा. प्रदर्शन येथेही आहेच. परंतु जे दाखविले जाते तेच अडचणीच्या वेळी मोडता किंवा गहाण ठेवता येते. पाऊस लांबला, केळीचा भाव पडला, घरात आजारपण आले, की तोच दागिना सराफाच्या तराजूत जातो. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत हेच कार्य चांदीच्या कड्यांनी व साखळ्यांनी केले.

थोडक्यात, पारंपरिक दागिन्यात प्रतिष्ठा व सुरक्षितता एकाच धातूत आणि एकाच मापात सामावलेली होती. त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. वधूपित्यावर पडणारा 'इतके तोळे' हा दबाव याच मापातून निर्माण झाला आणि १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यानंतरही तो पूर्णपणे ओसरला नाही.

'नावा'चे दोन अर्थ

पूर्वीच्या सराफी व्यवहारात नावाला मोठे महत्त्व होते. कसोटीच्या दगडावर सोने पारखण्याचे ज्ञान ग्राहकाजवळ नसे. त्यामुळे पेढीचे नाव हाच शुद्धतेचा पुरावा मानला जाई. ज्या पेढीने दागिना विकला तीच तो योग्य भावाने परत घेईल, हा विश्वास त्या नावामागे असे. नाव धातूची हमी देई आणि ती हमी परतीच्या वेळी कामी येई.

डिझायनर दागिन्यावरील नावाचे कार्य निराळे आहे. ते रुची दर्शविते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, रुची ही समाजातील वर्गभेद व्यक्त करण्याचे साधन असते. ज्याच्याजवळ केवळ पैसा आहे त्याच्यापासून ज्याच्याजवळ 'जाण' आहे तो स्वतःला वेगळा दाखवू इच्छितो. शहरी, शिक्षित व वेतनदार वर्गाला जड पाटल्यांपेक्षा नाजूक, खड्यांची रचना अधिक प्रतिष्ठेची वाटू लागते, त्याचे एक कारण येथे सापडते.

या बदलाची खोली एका ऐतिहासिक घटनेवरून लक्षात येते. जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू करून १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. समाजाने हलक्या कसाचे सोने मनापासून स्वीकारले नाही. असंख्य सोनारांचा रोजगार मात्र गेला. १९६६ मध्ये ही अट शिथिल झाली आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. आज मात्र खडे घट्ट बसावेत म्हणून १८ किंवा १४ कॅरटमध्ये घडविलेला दागिना ग्राहक स्वेच्छेने आणि अधिक दाम मोजून घेतो. सरकारी हुकमाला जे साधले नाही ते अभिरुचीच्या बदलाने साधले.

किमतीची फोड

दागिन्याच्या किमतीत धातू, खडे, घडणावळ आणि कर हे चार घटक असतात. १ जुलै २०१७ पासून सोन्याच्या दागिन्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे. पुढील उदाहरणातील भाव व रकमा केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरल्या आहेत. २२ कॅरटचा भाव प्रतिग्रॅम ११,००० रुपये व १८ कॅरटचा ९,००० रुपये मानू.

पहिला दागिना २० ग्रॅमच्या साध्या पाटल्यांचा. सोने २,२०,००० रुपये, १० टक्के घडणावळ २२,००० रुपये, कर ७,२६० रुपये. एकूण २,४९,२६० रुपये. दुसरा दागिना १८ कॅरटचा खड्यांचा हार. १२ ग्रॅम सोने १,०८,००० रुपये, खडे ६०,००० रुपये, घडणावळ व रचनामूल्य ७४,००० रुपये, कर ७,२६० रुपये. एकूण तेवढेच, म्हणजे २,४९,२६० रुपये.

दुसऱ्याच दिवशी मोड करण्याची वेळ आली आणि घट न धरता सोन्याचा पूर्ण भाव मिळाला, तरी पाटल्यांचे सुमारे ८८ टक्के पैसे परत येतील. हाराच्या बाबतीत केवळ सोन्याचा भाव मिळाल्यास सुमारे ४३ टक्के, आणि खड्यांचे निम्मे पैसे मिळाल्यास सुमारे ५५ टक्के रक्कम हाती येईल. मूळ खर्च भरून निघण्यासाठी पाटल्यांच्या बाबतीत सोन्याचा भाव १३ टक्क्यांच्या आसपास वाढणे पुरेसे आहे. हार केवळ सोन्याच्या भावाने मोडायचा झाल्यास तोच भाव दुपटीहून अधिक व्हावा लागेल.

गहाणाच्या व्यवहारातही हेच तत्त्व आढळते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सोनेतारण कर्जासाठी दागिन्यातील सोन्याचेच मूल्य धरावयाचे असते. खड्यांचे मूल्य त्यात मिळविता येत नाही. घडणावळ व नाव यांचाही तेथे विचार होत नाही.

हॉलमार्कविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी २००० मध्ये हॉलमार्क योजना सुरू केली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. २२ कॅरटसाठी ९१६, १८ कॅरटसाठी ७५० आणि १४ कॅरटसाठी ५८५ हे शुद्धतेचे आकडे होत. हा शिक्का सोन्याच्या शुद्धतेची साक्ष देतो. खड्यांची किंमत किंवा घडणावळ वाजवी आहे की नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही.

स्त्रीधनाचा प्रश्न

खरेदीच्या योग्यायोग्यतेचा सर्वांत गंभीर पैलू येथे आहे. शेती बहुधा पुरुषांच्या नावे असलेल्या समाजात अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता म्हणजे विवाहात मिळालेले दागिने. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील संपत्तीवर तिचे पूर्ण स्वामित्व मान्य केले. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे पत्नीचेच असून ते सासरच्या घरात ठेवल्याने पतीच्या मालकीचे होत नाही, असे स्पष्ट केले.

कायदा स्वामित्वाचे रक्षण करतो. मूल्याचे रक्षण तो करू शकत नाही. विवाहात अडीच लाखांचा हार दिला म्हणून देणाऱ्याची प्रतिष्ठा अडीच लाखांची होते. तोच हार वैधव्यात, परित्यक्तावस्थेत किंवा मुलांच्या शिक्षणासाठी मोडावा लागल्यास त्या स्त्रीच्या हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्कम पडते. प्रतिष्ठेचा लाभ देणाऱ्या कुटुंबाला समारंभाच्या दिवशीच मिळून जातो, आणि मूल्यातील घट मात्र वापरणारीने एकटीने सोसायची असते. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी दागिने ठरविताना ही विषमता क्वचितच लक्षात घेतली जाते.

खरेदीचा विवेक

याचा अर्थ डिझायनर दागिना सर्वथा त्याज्य आहे असा नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला रोज वापरता येईल असा हलका दागिना सोयीचा असतो. घडणीत कारागिराचे कौशल्य व श्रम असतात आणि त्यांचे मोल देण्यात गैर काही नाही. सौंदर्याचा आनंद हेही खर्चाचे रास्त कारण आहे. अडचण उद्भवते ती अशी खरेदी 'गुंतवणूक' या नावाखाली केली जाते तेव्हा. पैठणी घेताना कोणी तिच्या मोडीचा विचार करीत नाही. त्याच मनोभूमिकेतून आणि तेवढ्याच ऐपतीने हा दागिना घेतला तर फसगत होत नाही.

व्यवहारात तीन गोष्टी पाळणे हितावह ठरेल. पहिली, पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता, खड्यांचे वजन व किंमत आणि घडणावळ स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. दुसरी, परत खरेदीच्या अटी, विशेषतः खड्यांबाबतच्या, लेखी घ्याव्यात आणि पावती वधूच्या नावे करावी. तिसरी, स्त्रीधनाचा मुख्य भाग साध्या घडणीच्या हॉलमार्क सोन्यात, वेढण्यांत किंवा तिच्या नावावरील ठेवींत असावा. डिझायनर दागिना त्यानंतरच्या रकमेतून घ्यावा.

समारोप

खान्देशात सोन्याची प्रतिष्ठा त्याच्या विश्वासार्हतेतून आली होती. पाहणाऱ्याला जे दिसे तेच संकटात उपयोगी पडे. डिझायनर दागिन्याने दिसणे आणि उपयोगी पडणे यांची फारकत केली आहे. ही फारकत ओळखून केलेली खरेदी हा निव्वळ आवडीचा भाग होय. ती न ओळखता, मुलीच्या भवितव्याची तरतूद समजून केलेली खरेदी मात्र त्या तरतुदीलाच उणेपणा आणते. म्हणूनच दागिना निवडताना 'लग्नात कसा दिसेल?' या प्रश्नाच्या आधी 'हिला गरज पडेल तेव्हा याचे काय येईल?' हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.