वांगाच्या डागांवरचे उपचार, पायरीपायरीने

गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा दिसू लागली की घरातली मोठी माणसं लगेच ओळखतात, हे वांग. डॉक्टर त्याला मेलाझ्मा म्हणतात. हा आजार जिवाला धोका नसलेला, दुखत-खुपत नसलेला, पण आरशासमोर रोज मन खट्टू करणारा.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनबाहेर आलं की ‘स्किन अँड लेझर’च्या पाट्या दिसतात. आत शिरण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला जळजळ झाली, ती भाजली किंवा सोलवटली, तर तिथे नवा डाग पडू शकतो. म्हणून वांगाच्या उपचारात घाईइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

१. डाग का पडतो

त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांमुळे त्या काही ठिकाणी जास्त काम करू लागतात. रंग वरच्या थरात असेल तर लवकर फिका होतो. खालच्या थरात उतरला असेल तर वेळ लागतो. वांग आटोक्यात येतं, पण पुन्हा डोकं वर काढू शकतं. ‘कायमचं घालवतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हावं.

२. डॉक्टर कसे निवडावेत

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर. काही आठवड्यांचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे. पाटीवर किंवा केसपेपरवर नोंदणी क्रमांक असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक विचारण्यात संकोच नको.

खासगी खर्च झेपत नसेल तर पश्चिम उपनगरांतल्या लोकांना जुहूचं कूपर रुग्णालय आणि मध्य रेल्वेवरच्यांना सायन रुग्णालय आहे. दोन्ही महापालिकेची आहेत आणि दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे.

३. जाताना काय न्यावं

आतापर्यंत चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्यावी. मैत्रिणीने दिलेली, पार्लरमधली, केमिस्टने सुचवलेली, सगळ्या. चेहरा धुऊन, मेकअप न करता जावं. गरोदरपण किंवा त्याची तयारी, चालू गोळ्या, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास ते, ओठांवर वारंवार येणारी जर आणि जखमेचे व्रण फुगण्याची सवय, हे न विचारताही सांगावं.

४. तपासणीत काय होतं

डॉक्टर डाग नुसत्या डोळ्यांनी पाहतात, मग डर्मोस्कोप म्हणजे दिव्याच्या भिंगातून. कधी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्पचा जांभळट प्रकाश टाकतात. वरच्या थरातले डाग त्यात अधिक ठळक दिसतात.

वांगासारखं दिसणारं सगळंच वांग नसतं, आणि इथेच घरगुती निदान फसतं. मान आणि कपाळाच्या कडा मखमलीसारख्या जाडसर, काळपट झाल्या असतील तर इन्शुलिनचा परिणाम नीट होत नसण्याची शक्यता असते; तिथे क्रीमआधी साखर तपासावी लागते. कानशिलांजवळ केसांच्या कलपाने काळं पडू शकतं. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने नेमक्या त्या जागी पांढरा डागही पडतो. अंघोळीला घासणीने रोज खसाखसा घासल्यानेही त्वचा काळवंडते. कारण वेगळं तर उपचार वेगळा.

५. आधी काय बंद करायचं

आपण नेलेल्या ट्यूब डॉक्टर उलटून मागचा मजकूर वाचतील. आपणही वाचायला शिकावं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं दिसली तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा उजळ वाटतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल होते, मुरमं येतात, बारीक लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा ट्यूब घ्यावीशी वाटते. या दुष्टचक्रामुळेच केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. वांगावर तज्ज्ञसुद्धा कधी सौम्य स्टेरॉइड असलेलं मिश्र मलम देतात. मात्र थोड्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. ट्यूब बंद कशी करायची, हेही त्यांनाच विचारावं.

लेबल नसलेली डबी तर त्याहून घातक. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली. क्रीम स्थानिक ब्युटीशियनकडची होती आणि मुंबईत केईएम रुग्णालयात तपासल्यावर तिच्यात पारा सापडला. पारा मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो.

६. सनस्क्रीन: खरा उपचार इथे सुरू होतो

ऊन न अडवता मलम लावणं म्हणजे गच्चीची गळती तशीच ठेवून भिंतीला रंग काढणं. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि पीए तीन प्लस असलेलं सनस्क्रीन घ्यावं. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजवणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण सांगतो, तर पीए खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनचं. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं.

बहुतेकांचं चुकतं ते प्रमाणात. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहरा आणि मानेसाठी लागतात. घरातून निघण्याआधी पंधरा मिनिटं लावावं आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. मुंबईच्या घामट हवेत जाड क्रीम चिकट वाटतं आणि म्हणूनच सोडून दिलं जातं. जेलसारखं मागून घ्यावं.

दुसरी चूक पावसाळ्यातली. यूव्हीए किरणं ढगांतून आणि काचेतूनही येतात, त्यामुळे जूनमध्ये सुट्टी घेतलेलं सनस्क्रीन दिवाळीला डागांच्या रूपात दिसतं. छत्री आणि घट्ट विणीची ओढणीही कामाला येते.

७. रात्रीचं मलम

ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध त्वचेची नवी पेशी लवकर वर आणतं. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, सुरुवातीला एक रात्र आड लावावं. जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, साल मात्र निघते. गरोदरपणात किंवा त्याची तयारी असताना ते लावायचं नाही.

हायड्रोक्विनोन रंगनिर्मिती कमी करतं, पण ते काही महिन्यांपुरतंच. वर्षानुवर्षं चोपडलं तर निळसर काळे डाग पडू शकतात आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड.

ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या काहींना देतात. रक्ताच्या गुठळीचा इतिहास सांगायला हवा तो यासाठीच.

त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून फरक आठ ते बारा आठवड्यांनी जोखावा. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढावा. रोज आरशात पाहून अंदाज येत नाही.

८. पील: रसायनाने वरची साल काढणं

मलमांनी अपुरा फरक पडला तर ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक ॲसिडचं पील सुचवतात. आधीचा आठवडा थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच, फेशिअल बंद. ट्रेटिनॉइन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारावं.

त्या दिवशी चेहरा पुसून नाकाच्या कडा, ओठ आणि डोळ्यांचे कोपरे व्हॅसलिनने झाकतात. मग घड्याळ लावून द्रावण फिरवतात. चुणचुण होते, समोर पंखा धरतात. आग वाढली तर तोंड दाबून सोसू नये, तत्क्षणी सांगावं. ठरलेल्या वेळी द्रावण निष्प्रभ करून गार पाण्याने धुतात.

पुढचे तीन ते पाच दिवस पापुद्रे सुटतात. ते नखाने काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक; तिथेच नवा काळा डाग बसतो. सौम्य मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एवढंच. पुढचं सत्र दोन ते चार आठवड्यांनी.

९. लेझर

वांगासाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग हे १०६४ नॅनोमीटरचं लेझर वापरतात. ते रंगाचे कण फोडतं, पण पेशींची सवय बदलत नाही. उष्णता जास्त झाली तर डाग गडद होतो, आणि सत्रांचा अतिरेक झाला तर बारीक पांढरे ठिपके उमटतात. म्हणून लेझर रांगेत शेवटी. पहिल्याच भेटीत दहा सत्रांचं पॅकेज आणि ‘आजच भरलं तर सवलत’ असं ऐकू आलं तर घरी जाऊन विचार करतो म्हणावं. लेझर कोण चालवणार, आधी छोट्या भागावर चाचणी घेणार का, हे विचारणं आपला हक्क आहे.

१०. त्यानंतर

फोड, पाणी सुटणं, वाढती लाली, डोळ्यांभोवती सूज यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. घरात लग्न असेल तर आठवडाभर आधी नव्हे, सहा महिने आधी डॉक्टरांना भेटावं. लग्नाच्या तोंडावर कुठलाही नवा प्रयोग नको.

डाग फिके झाले की औषधं हळूहळू कमी होतात, सनस्क्रीन राहतंच. आणि सल्ला घेताना ‘मला गोरं करा’ असं न म्हणता ‘माझा मूळ रंग सगळीकडे सारखा दिसू दे’ असं सांगावं. प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञ एवढंच देऊ शकतात, आणि निरोगी त्वचेला एवढंच हवं असतं.