लंगर कमांडरचा बायोडाटा

माजी सैनिकाचा बायोडाटा डिस्चार्ज बुकातून निघतो. भरतीची तारीख, हुद्दा, ट्रेड, केलेले कोर्स, पदके, वैद्यकीय श्रेणी, वर्तणुकीचा शेरा, सगळे त्या लहानशा पुस्तिकेत नोंदलेले असते. नांदेड-लातूरच्या झेरॉक्स दुकानांत ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि पासपोर्ट फोटोंसह काउंटरवर येते. टायपिंग करणारा मुलगा तयार नमुना उघडतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण भरून होते. अनुभवाच्या रकान्यात ‘भारतीय सैन्यात १७ वर्षे सेवा’ एवढेच पडते. टोनरच्या गरम वासाबरोबर पान बाहेर येते. १७ वर्षांची एक ओळ.

१७ चा आकडा इथे वारंवार ऐकू येतो. जवानाच्या पेन्शनला किमान १५ वर्षांची सेवा लागते आणि शिपाई साधारण १७ वर्षांनी बाहेर पडतो. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा छत्तिसाव्या वर्षी गावी परततो. लोक म्हणतात ‘पेन्शनवर आला’, पण मुले शाळेत असतात आणि पुढे कमाईची वीसेक वर्षे पडलेली असतात.

ओळ एकच राहण्याचे कारण विनय एवढेच नसते. फौजेत काम तुकडीचे मोजले जाते, त्यामुळे ‘मी केले’ असे लिहायला हात अडखळतो. शिवाय फौजेचे शब्द बाहेर कळत नाहीत. कंपनीच्या स्वयंपाकघराला फौजेत लंगर म्हणतात आणि त्याची देखरेख करणाऱ्याला लंगर कमांडर. हेच पद नांदेडात बायोडाटावर लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सचखंड गुरुद्वारा उभा राहतो. लिहायला हवे ते असे: शंभराहून अधिक माणसांच्या रोजच्या जेवणाचे नियोजन, शिधासाठ्याची नोंद, आचाऱ्यांच्या कामाची वाटणी, स्वच्छतेची तपासणी. तेवढे लिहिले की तोच कागद लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती वाढलेल्या वसतिगृहांच्या मेसचालकाला कामाचा वाटू शकतो. तिथेही रोज शेकडो ताटे वेळेवर वाढायची असतात.

बाकीच्या पदांचेही असेच. सेक्शन कमांडर म्हणजे दहाएक जवानांचा प्रमुख. कोत एनसीओ म्हणजे शस्त्रागाराचा हिशेब ठेवणारा. त्याच्या वहीत एक नग कमी भरला तर चौकशी लागते. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदाराकडे शिधा, कपडे आणि साहित्य, म्हणजे अडत दुकान किंवा गोदाम सांभाळायला लागणारी सगळी शिस्त. नर्सिंग असिस्टंट, एमटी (वाहन विभागाचा) ड्रायव्हर, ईएमईचा (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाचा) मेकॅनिक यांची नावे बाहेरही समजतात, त्यांना फार उलगडावे लागत नाही. वर्तणुकीचा ‘एक्झम्प्लरी’ हा शेरा मात्र आवर्जून लिहावा. तो मिळवायला सगळी नोकरी जाते आणि बायोडाटात तोच बहुधा गाळला जातो.

काही गोष्टी गाळायच्याच असतात. तैनातीची नेमकी ठिकाणे, युनिटच्या हालचाली, शस्त्रांचा तपशील कागदावर येत नाही. ‘सीमावर्ती भागात सेवा’ एवढे पुरते.

शिक्षणाच्या रकान्यात दहावी दिसते म्हणून पुष्कळजण स्वतःच मागे सरतात. केंद्राच्या नियमानुसार १५ वर्षे सेवा झालेला दहावी उत्तीर्ण माजी सैनिक पदवी मागणाऱ्या काही गट क पदांनाही पात्र धरला जातो. त्याचा उल्लेख स्वतंत्र ओळीत हवा. वयाचाही हिशेब आहे. वयातून सेवेची वर्षे वजा करायची आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नसले की चालते. छत्तिसातून १७ गेले की १९ उरतात! सरकारी भरतीत मात्र बायोडाटा कोणी मागत नाही. तिथे ठरावीक अर्ज आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी लागते. बायोडाटा लागतो तो साखर कारखाने, गोदामे, रुग्णालये, शाळा अशा ठिकाणी.

आणि तिथे बहुतेकांच्या पानावर ‘पद’ या शब्दापुढे आधीच ‘सिक्युरिटी’ असते. काम कमी दर्जाचे नाही. माजी सैनिकांसाठी २००२ साली सुरू झालेले राज्याचे मेस्को महामंडळही सुरक्षारक्षक पुरवते. पण ज्याने १२० माणसांचा शिधा सांभाळला त्याच्या कागदावर निव्वळ रात्रपाळीचे गेट राहावे, यात टायपिंगवाल्याच्या नमुन्याचाही वाटा आहे.

या भागात आणखी एक गोंधळ होतो. मुदखेडला सीआरपीएफचे आणि चाकूरला बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र असल्याने गावात लष्कराचा जवान आणि या दलांचा जवान दोघेही ‘फौजी’च. ही निमलष्करी दले गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांतून निवृत्त झालेला माणूस व्याख्येने माजी सैनिक ठरत नाही. त्याने बायोडाटात ‘माजी सैनिक’ लिहिले तर कागदपत्रांच्या तपासणीत अडचण येते. दलाचे नाव लिहिणेच बरोबर.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने १७ च्या जागी ४ हा आकडा आणला. या योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतात. बाकीच्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. त्यांच्या पानावर हुद्द्यांची चढण नसते, लंगर किंवा कोत सांभाळण्याइतका काळही क्वचितच. कौशल्य प्रमाणपत्र, एनआयओएस या मुक्त विद्यालयाची बारावी, इग्नूच्या पदवीचे श्रेयांक आणि शिकलेला ट्रेड यांवर त्यांचे पान उभे राहते, म्हणून ती कागदपत्रे डिस्चार्जपूर्वीच हातात घ्यावी लागतात.