चपळ मोटार आणि बलदंड मोटार

माजिवडा हें ठाणें शहराचें एक महाद्वारच होय. येथून एक रस्ता घोडबंदराकडे वळून गायमुखचा घाट चढतो, एक मुंबईस जातो, आणि एक भिवंडी-शहापुरावरून कसारा घाटानें नाशिकास पोहोंचतो. मोटारीचे गुणदोष पारखावयास याहून सोईची जागा क्वचितच सांपडेल; कारण सरळ रुंद सडक आणि वळणांचा घाट हीं दोन्हीं येथून एका दिवसांत पाहतां येतात.

मोटारींच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. पहिला ठेंगण्या, दोन आसनांच्या, चपळ मोटारींचा. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं काढलेली मिआटा हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण: वजन एक टनाहून कमी, शक्ति सुमारें ११५ अश्वशक्ति. दुसरा पंथ अमेरिकेच्या बलदंड मोटारींचा. फोर्डची मस्टँग १९६४ सालीं निघाली. त्या मोटारींचा भर १९७३ च्या तेलटंचाईनंतर ओसरला, परंतु २००५ च्या मस्टँगनें जुना चेहरा पुन्हां धारण केला. तिच्या पुढील पिढीची जी मोटार २०१६ सालीं भारतांत आली, तिचें इंजिन आठ सिलिंडरांचें व सुमारें ४०० अश्वशक्तीचें, आणि वजन पावणेदोन टनांच्या घरांत होतें.

शक्ति सुमारें साडेतीनपट नि वजन दुपटीहून कमी. तेव्हां सरळ सडकेवर बलदंड मोटारच पुढें जाणार, यांत वाद नाहीं. घाटांत मात्र हिशेब बदलतो. शाळेंतील पदार्थविज्ञानाप्रमाणें पाहतां वळणावर दोघी सारख्याच ठराव्या. कारण वजन दुप्पट झालें कीं वळावयास लागणारा जोर दुप्पट होतो, तशी रस्त्यावरील पकडहि दुप्पट होते. परंतु रबर पुस्तकांतील लाकडी ठोकळ्याप्रमाणें वागत नाहीं. टायरवरील भार वाढला म्हणजे पकड वाढते खरी, पण भाराच्या मानानें कमी वाढते. त्यांतच वळतांना आंतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका अधिक. बाहेरच्या चाकांस जें मिळतें त्याहून आंतल्या चाकांचें जास्त जातें. रुंद टायर घालून बलदंड मोटार ही उणीव पुष्कळ भरून काढते. तथापि डावें वळण संपतांच उजवें आलें म्हणजे जड देह एका बाजूनें दुसऱ्या बाजूस फिरविण्यास वेळ लागतोच.

याहून महत्त्वाची गोष्ट उताराची. कसारा घाट उतरतांना मोटारीची उंचीजन्य व गतिजन्य शक्ति बऱ्याच अंशीं ब्रेकांत उष्णतेच्या रूपानें जिरवावी लागते. त्याच वेगानें दुप्पट वजनाची गाडी आली तर उष्णताहि दुप्पट. ब्रेक अति तापले कीं त्यांची पकड मंदावते. म्हणून उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच गाडी आवरून धरावी. शक्तीच्या आंकड्यावर भाळून मोटार घेणारा हें सहसा विचारीत नाहीं.

जुन्या रूपाच्या मोहाचें आपल्याकडील उदाहरण या नाशिकच्या वाटेवरच भेटतें. महिंद्र कंपनीनें १९४७ मध्यें विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. तिच्याच चेहऱ्याची आठवण देणारी नवी थार २०२० सालीं निघाली आणि तरुणांनीं ती उचलून धरली. यांत फसवणूक मुळींच नाहीं. इंजिन नवें आहे. परंतु उभ्या, सपाट तोंडास वाऱ्याचा अडथळा फार, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. लांबच्या प्रवासांत त्याची किंमत इंधनाच्या रूपानें मोजावी लागते.

चपळ पंथाचा प्रयोगहि भारतांत झाला होता. बंगळूरच्या सॅन मोटर्सनें १९९८ च्या सुमारास स्टॉर्म नांवाची दोन आसनी मोटार काढली. फायबरचें शरीर आणि रेनोचें लहान इंजिन. ती रुजली नाहीं, आणि त्याचें आश्चर्यहि वाटावयास नको. चार माणसांच्या कुटुंबांत दोन आसनें कोणास पुरणार? शिवाय जो ठेंगणेपणा वळणावर तारतो, तोच पावसाळ्यांतील खड्ड्यांत आणि गतिरोधकावर गाडीचें पोट खरवडून काढतो.